तात्यांची पाणपोई पुन्हा उभी करताना : कामाच्या नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

माण तालुक्यात शिखर शिंगणापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्यावर आमचे तात्या गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत पाणपोई चालवत. ते गेल्यावर दोन उन्हाळे रांजण पालथे पडून होते. त्यांच्या नावाने काय करावे यावर कमान, बाकडी, फलक असे सगळे सुचवून झाले. शेवटी ते जे करत होते तेच करायचे ठरले. घरच्या थोरांची अशी एखादी सेवा कुणाला पुढे चालवायची असेल तर कुठे पैसे जातात आणि कुठे वेळ जातो ते कळावे म्हणून या नोंदी.

१२ फेब्रुवारी. जागा

जुना दगडी चौथरा जागेवर आहे, पण रस्ता रुंद झाल्यामुळे डांबराची कड त्याच्यापासून जेमतेम चार फुटांवर आली आहे. तिथे माणसे थांबली की गाड्याही थांबणार, वळणावर धोका. शिवाय ती जागा आता रस्त्याच्या हद्दीत मोडते. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेचा रस्ता असेल तर त्यांचा बांधकाम उपविभाग, अशी परवानगी लागते. ती मिळाली तरी पुढच्या रुंदीकरणात पुन्हा उठावे लागणारच.

म्हणून चौथऱ्याचा नाद सोडला आणि तीस फूट आत, बांधावरच्या मोठ्या कडुलिंबाखाली जागा धरली. शेत दुसऱ्याचे आहे. त्यांचे संमतीपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर घेतले (१०० चा आता चालत नाही). तोंडी शब्दावर काम होते, पण शेत विकले गेले किंवा भावांत वाटप झाले की शब्द जातो. त्याच दिवशी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला: पाणपोईला ना हरकत आणि मासिक सभेचा ठराव मिळावा. ठरावाची नक्कल हातात आल्याशिवाय वीट लावायची नाही.

जागा निवडताना पाहायची मुख्य गोष्ट सावली. दुपारी बारा ते चार सावली कुठे पडते हे खुंट्या ठोकून पाहा. सकाळी नऊला भरपूर सावली दिसते, तिच्यावर जाऊ नका.

१८ फेब्रुवारी. पाणी कुठले घ्यायचे

दोन पर्याय: रस्त्याला लागून असलेली शेजाऱ्यांची कूपनलिका आणि आमच्या शेतातली विहीर, अडीचशे मीटर आत. तात्या विहिरीचेच पाणी बैलगाडीतून पिंपात आणत. कूपनलिका जवळ असताना ते एवढा खटाटोप का करत हे त्यांच्या वहीत एका ओळीत आहे: 'बोअरचे पाणी मचूळ, रांजण गार धरत नाही.'

तरी दोन्हींचे नमुने उपविभागीय प्रयोगशाळेत दिले. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत एक लिटर पुरते. जिवाणू तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, आत बोट लावायचे नाही, काठोकाठ भरायची नाही आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. कूपनलिका दोन-तीन मिनिटे वाहू देऊनच नमुना घ्यावा. आमचा विहिरीचा पहिला नमुना शनिवारी घेतला आणि सोमवारपर्यंत घरी राहिला. तो प्रयोगशाळेने नाकारला, आणि ते बरोबरच होते.

२४ फेब्रुवारी. अहवाल

कूपनलिका: विद्राव्य क्षार लिटरला १,४०० मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे नियमात बसते, पण चव खारट. जिवाणू नाहीत.

विहीर: क्षार ४६०, चव गोड, फ्लोराइड मर्यादेत. नायट्रेट ३८ (मर्यादा ४५). हा आकडा खताचा, आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की वाढू शकतो, म्हणून एप्रिलअखेर पुन्हा तपासायचे. जिवाणू तपासणीत नापास.

कारण विहिरीत डोकावल्यावरच कळले. आतल्या दगडांच्या सांध्यांत पारव्यांची घरटी, विष्ठा थेट पाण्यात. कठड्याला पिंपळ फुटलेला. पिंपळ मुळासकट काढून सांधा भरला, घरटी रिकामी होती ती काढली आणि तोंडावर नायलॉनची जाळी लोखंडी तारेवर ताणून बसवली. जाळीची छिद्रे पाऊण इंचाहून मोठी घेऊ नयेत. आधी दोन इंची आणली होती, पारवे तिच्यावर बसत आणि पंख मिटून आत उतरत. ती परत केली, वाहतुकीचे भाडे अंगावर पडले.

निर्णय: पाणी विहिरीचेच, निर्जंतुक करून.

१ मार्च. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून उपयोग होत नाही

हिशेब सगळे सांगतात तसाच केला. विहिरीचा व्यास ६ मीटर, पाणी अडीच मीटर: ०.७८५ × ६ × ६ × २.५ म्हणजे साधारण ७०,००० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरून ३५० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नाही, आधी थोड्या पाण्यात लगदा, मग बादली भरून ढवळायची, दहा मिनिटे निवळू द्यायची, चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन दोराने विहिरीत सोडून हलवायचे. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते रंगावरून पाहायची चाचणी): छान पिवळा रंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंग शून्य. रात्री शेतीची वीज आली, पंप चालला, क्लोरीन कांद्याला गेला आणि विहिरीत झऱ्याचे नवे पाणी आले. पिण्यासाठी राखलेल्या आडाला ही पद्धत ठीक, उपसा चालू असलेल्या शेतीच्या विहिरीला नाही. इथून पुढे औषध फक्त पाणपोईच्या टाकीत.

५ मार्च. पाइप आणि टाकी

३२ मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पाइप, अडीचशे मीटर. दीड फूट खोल चर काढून पुरला. वरून टाकला असता तर दुपारी आतले पाणी हात भाजेल इतके तापते आणि नांगराच्या फाळात कधीतरी सापडतोच. बांध ओलांडतो तिथे चार इंची जुन्या पाइपाच्या तुकड्यातून नेला.

टाकी १,००० लिटर, झाकण घट्ट बसणारी. ती मांडवाच्या आत, सावलीत. पाच अश्वशक्तीच्या शेतीपंपाच्या दाबाला तरंगत्या गोळ्याचा व्हॉल्व्ह टिकत नाही. पहिल्याच भरण्यात त्याची दांडी तुटून टाकीत पडली आणि रात्रभर पाणी वाहून शेजारच्या हरभऱ्यात गेले. उपाय साधा: गोळा काढून टाकला, पंपाजवळ मुख्य पाइपातून फाटा काढून त्याला हाताने उघडायचा बॉल व्हॉल्व्ह, आणि टाकीला वरच्या कडेखाली दीड इंची जादा पाण्याचा नळ, तो थेट जनावरांच्या डोणीत. विजेची पाळी बदलते, म्हणून टाकी कधी भरायची त्याचा कागद दर आठवड्याला बदलून पंपाच्या पेटीत लावतो.

९ मार्च. रांजण

किती लागतील? साध्या दिवशी फाट्यावर सव्वाशे ते दीडशे माणसे थांबतात असे धरले. निम्मे ओंजळीने किंवा पेल्याने पितात, निम्मे बाटली भरतात. शंभर-सव्वाशे लिटर खप. यावरून ६० लिटरचे दोन रांजण पुरतील असे वाटते आणि इथेच बहुतेक पाणपोया फसतात. ६० लिटर पाणी गार व्हायला अख्खी रात्र लागते. दुपारी रांजण अर्धा झाला म्हणून वरून टाकीतले पाणी ओतले की सगळाच कोमट, संध्याकाळपर्यंत कोमटच. म्हणून चार रांजण, दोन-दोनची पाळी: आजचे दोन संपेपर्यंत वापरायचे, संध्याकाळी धुऊन भरायचे आणि उद्या झाकून ठेवायचे. वहीत तात्यांनी रांजणांना 'सम' आणि 'विषम' म्हटले आहे, तारखेप्रमाणे. तीच पद्धत घेतली. पाटी लावायची गरज नाही, पाणी घालणाऱ्याला तारीख माहीत असली की झाले.

आठवडी बाजारातून तीन रांजण आणले. घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तर भाजणी नीट, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा. त्यांना तोटीचे छिद्र नव्हते. कोरड्या रांजणावर ड्रिल लावले, त्यात हॅमर चालू राहिला, पहिला रांजण गळ्यापर्यंत उकलला. बाकी दोन रात्रभर पाण्यात भिजवले, आत ओल्या वाळूचे पोते टेकू म्हणून दिले, हॅमर बंद, सर्वांत कमी वेग, फरशीसाठी मिळतो तो २२ मिलिमीटरचा डायमंड होल सॉ, वरून पाण्याची धार. वीस मिनिटे एका छिद्राला, पण स्वच्छ गोल. अर्धा इंची तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास २१ मिलिमीटरच्या जरा आत असतो, त्यामुळे २२ बरोबर.

याहून चांगला मार्ग म्हणजे कुंभाराकडूनच ओल्या मातीत छिद्र पाडून घेणे. सुकताना आणि भाजताना ते आकसते, म्हणून २४-२५ मिलिमीटर सांगावे. तळापासून दोन इंच वर, म्हणजे बसलेला गाळ तोटीत येत नाही. असे पाच रांजण सांगितले. मार्चमध्ये सांगायला उशीरच झाला. त्याचा भट्टीचा मोसम सरत आला होता आणि सावलीत सुकायला त्याला पंधरवडा हवा होता. घाई करून उन्हात वाळवायला लावू नये, भट्टीत फुटतात.

तोटीला आत-बाहेर रबरी वॉशर. बाहेरचे पृष्ठ गोल असल्याने सपाट वॉशर गळतो, म्हणून जाड मऊ रबर (ट्यूबचे नको, वास येतो). पिण्याच्या पाण्याला चालणारे सिलिकॉन लावायचे असेल तर रांजण पूर्ण कोरडा हवा आणि नंतर चोवीस तास पाणी नाही.

१५ मार्च. ओटा आणि मांडव

विटांचा ओटा, आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. कडुलिंबाच्या मुळांवर पाया घ्यायचा नाही म्हणून खोदाई न करता मुरूम ठोकून त्यावर चौकट. आत सहा इंच जाड वाळू, तळाला पाणी निघायला तीन छिद्रे. रांजण वाळूत चतुर्थांश बुडवले. वाळू रोज सकाळी भिजवायची. छिद्रे नसतील तर पाणी साचते, शेवाळ येते आणि डास होतात.

तोटी ते खालची फरशी अंतर १४ इंच. हे आधी मोजा. गवंड्याने नेहमीच्या सवयीने नऊ इंच धरले होते, त्यात दोन लिटरची बाटली उभी राहत नाही, तिरकी धरून निम्मी भरते आणि तितकेच पाणी सांडते. एक थर वाढवावा लागला.

मांडव बांबूचा. पश्चिमेला आणि दक्षिणेला तुराट्यांचे तट्टे, वर आधी पत्रा टाकला होता. दुपारी पत्र्याची धग खाली डोक्याला लागते. पत्र्याच्या खाली फूटभर अंतर सोडून बांबूचा तट्टा बांधल्यावर फरक पडला. कडबा वापरू नका, वाटेवरची गुरे ओढून खातात आणि विडीच्या थोटकाने पेट घेतो.

१९ मार्च. नाव रंगवल्याने पाणी तापले

चाचणीसाठी बाजारातले दोन्ही रांजण भरले. त्याआधी घरातल्या पोरांनी हौसेने ते पांढऱ्या ऑइल पेंटने रंगवले, वर लाल अक्षरांत तात्यांचे नाव, वेलबुट्टी. दिसायला सुरेख. दुपारी बाहेर ३८ अंश असताना दोन्ही रांजणांत ३२, शेजारच्या घरातल्या साध्या जुन्या माठात २६.

रांजणाच्या अंगातून पाणी झिरपून वाळते तेव्हाच आतले गार होते. रंगाने छिद्रे बुजली, संपले. पॉलिश पेपरने खरवडून पाहिले. रंग वरून जातो, छिद्रांतला जात नाही. दोन रांजण धान्याला घरी गेले. चुन्याची सफेदी किंवा गेरूसुद्धा लावू नये. नाव लिहायचे तर ओट्याच्या दगडावर, आणि तेही शेवटी.

२४ ते २७ मार्च. नवे रांजण मुरवणे, टीसीएलचे प्रमाण

कुंभाराकडचे पाच आले. प्रत्येकात पाणी भरून खडूने पातळी आखली आणि चोवीस तास ठेवले. बोटभर उतरणे चांगले, वीतभर उतरला तर परत. पहिली दोन पाणी फेकली, त्यांना मातीचा वास आणि लालसरपणा असतो. घासायला नारळाचा काथ्या आणि जाडे मीठ. साबण किंवा भांड्याची पावडर कधीही नाही. माती ती पिऊन घेते आणि महिनाभर पाण्याला वास येतो.

टाकीचे औषध: १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. रोज ५ ग्रॅम मोजणे अवघड, म्हणून २५ ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवून निवळ द्रावण गडद बाटलीत, त्यातले २०० मिलिलिटर एका टाकीला. द्रावण तीन दिवसांहून जुने वापरायचे नाही. वजनाला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा चारशे रुपयांत मिळतो. औषध घातल्यावर अर्धा तास थांबून मगच रांजण भरायचे.

पहिल्या दिवशी टाकीत ओटी टेस्टला क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम आणि सकाळी रांजणात शून्य. दोन कारणे सापडली. एक, नवी माती क्लोरीन खाते, आठवड्यात ते कमी होते. दोन, जुन्या पद्धतीने सुगंधासाठी वाळ्याच्या जुड्या रांजणात सोडल्या होत्या. वाळा क्लोरीन खातो आणि तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होतो. वाळा पाण्यातून काढून पश्चिमेच्या तट्टीत भरला. वास आणि गारवा दोन्ही वाऱ्याबरोबर येतात. त्यानंतर दुपारी रांजणात ०.२ मिळू लागले, तेवढे हवेच. त्याहून कमी दिसले तर आधी रांजण घासायचा, औषध वाढवायचे नाही. वाढवले की 'पाण्याला औषध मारते' म्हणून लोक पीतच नाहीत.

तुरटीबद्दल बरेच जण विचारतात. तुरटीने गढूळपणा बसतो, जंतू मरत नाहीत. विहिरीचे पाणी निवळ असल्याने इथे तिचा उपयोग नाही. एच-टू-एस बाटली (जिवाणू असले की काळी पडणारी तपासणीची बाटली) दर पंधरा दिवसांनी रांजणातल्या पाण्याने भरून ठेवतो, दोन दिवसांत काळी पडली नाही तर ठीक.

टीसीएलचे पोते उघडे ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या खोलीतून मिळालेल्या पहिल्या किलोला नुसताच चुन्याचा वास होता, क्लोरीन उडून गेलेले. नवे आणून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, सावलीत.

३० मार्च. पाडवा

सकाळी सुरू. पाणी घालायला फाट्याजवळच्याच एक मावशी, दहा ते पाच, रोज ३५०. यावर घरात मतभेद होते: सेवा म्हणायची आणि मजुरी द्यायची? फुकट माणूस पहिला आठवडा मिळतो. नंतर रांजण रिकामे राहतात. तात्या स्वतः होते म्हणून त्यांना हा खर्च दिसला नाही.

२ एप्रिल. पेला

साखळीचा स्टीलचा पेला लोक तोंडाला लावतात, पुढचा माणूस खळखळून विसळतो आणि अर्धा तांब्या पाणी सांडतो. तीन दिवसांत पेले काढून टाकले. आता बाटलीवाल्यांना तोटी, पिणाऱ्यांना मावशी ओगराळ्याने वरून ओंजळीत धार सोडतात. ओगराळ्याचा दांडा दीड फूट हवा, म्हणजे हात पाण्यात जात नाही. ओगराळे खुंटीला टांगायचे, झाकणावर ठेवायचे नाही.

उन्हातून आलेल्याला आधी गुळाचा खडा. डबा घट्ट झाकणाचा, आत चिमटा. डब्याखाली पाण्याची ताटली ठेवल्याशिवाय मुंग्या आवरत नाहीत.

८ आणि ९ एप्रिल. शिंगणापूरची यात्रा

चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाटातून शंभू महादेवाच्या कावडी चढतात, सासवडच्या तेल्या भुत्याच्या मानाच्या कावडीसह. आदल्या दिवसापासून पायी माणसांची रीघ. या वाटेवर पाण्याचे हाल जुनेच. शिंगणापुरात मालोजीराजे भोसल्यांनी तळे बांधले तेही यात्रेकरूंच्या पाण्यासाठी.

या दोन दिवसांत रांजणांचा हिशेब लागू होत नाही. सकाळी दहालाच चारही संपले. टाकीचे पाणी सरळ नळाने द्यायचे आधीच ठरवले होते, पण एकाच नळावर रांग रस्त्यापर्यंत गेली. दुपारी टाकीच्या तळाला टी जोडून चार तोट्यांचा आडवा पाइप काढला, मग रांग मोडली. हा पाइप कायम ठेवला आहे, एरवी व्हॉल्व्ह बंद. रात्री टाकी दोनदा भरून घ्यायला पंपाजवळ माणूस लागतो, त्याची सोय आधी करा.

कुणीतरी गाडीभर बर्फ आणून दिला. मासळी आणि दूध थंड ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. खाण्याचा नसेल तो निळसर रंगाचा असावा असा नियम आहे, पण हा पांढराच होता आणि कारखान्याचा कागद नव्हता. पाण्यात टाकला नाही. देणाऱ्याला वाईट वाटले.

१६ एप्रिल. शोषखड्डा तुंबला

तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, तळाला मोठे दगड, वर लहान, वर जाड वाळू. पंधरा दिवसांत वर डबके. उकरल्यावर पायांची माती आणि गुटख्याच्या पुड्या निघाल्या. वरचा फूटभर थर काढून धुतला आणि खड्ड्याच्या आधी दीड फुटी कुंडी बांधली: आत जाळी, तळाला गाळ बसायला सहा इंच जागा. कुंडी दर आठवड्याला उपसायची. ही कुंडी पहिल्या दिवशीच बांधली असती तर चौदाशे रुपये वाचले असते.

२५ एप्रिल. डोण, आणि कूलरचा प्रस्ताव

सांडपाणी नव्हे, टाकीचे जादा पाणी डोणीत जाते. जुन्या चौथऱ्याशेजारची दगडी डोण तिथून काढून आणली. मेंढपाळांचा कळप आला की दोनशे मेंढ्या डोण रिकामी करून रांजणांकडे वळतात. डोण ओट्यापासून चाळीस फूट लांब सरकवली, वाऱ्याच्या उलट बाजूला. आतून दर आठवड्याला घासून चुन्याचा हात.

एका दात्याकडून विजेच्या वॉटर कूलरचा आणि आरओचा प्रस्ताव आला, तात्यांच्या नावाच्या पाटीसह. नाही म्हटले. इथे वीज जोडणी नाही. आरओ जितके पाणी देतो त्याहून जास्त बऱ्याचदा फेकतो, आणि आमच्या पाण्याला त्याची गरज नाही. कूलर देणारा माणूस गाळण्या बदलायला पैसे देत नाही. जोडणीचे अर्थिंग नीट नसेल तर ओल्या हाताने नळ धरणाऱ्याला शॉक बसतो. अशा बंद पडलेल्या पेट्या प्रत्येक एसटी स्टँडवर पाहायला मिळतात. त्याऐवजी एका महिन्याची मजुरी द्याल का, असे विचारले. उत्तर अजून आलेले नाही.

विहिरीच्या पाण्याची फेरतपासणी केली: नायट्रेट ४१. चालेल, पण मे अखेरीपर्यंत लक्ष ठेवणे.

६ मे. क्षार, पोती, कोरडा दिवस

रांजणांच्या अंगावर पांढरी कड धरली आहे आणि गारवा अंशा-दोन अंशांनी उतरला. बाहेरून काथ्याने कोरडे घासून, मग नुसत्या पाण्याने धुतल्यावर परत आला. हे दर दहा दिवसांनी करायचे. कूपनलिकेचे पाणी असते तर दर तीन दिवसांनी करावे लागले असते. 'गार धरत नाही'चा अर्थ इथे कळतो.

भोवती गुंडाळलेली तागाची पोती दिवसातून तीन-चारदा भिजवावी लागतात. वाळलेले पोते उलट वारा अडवते. आठ-दहा दिवसांत त्यांना कुबट वास येतो, म्हणून दोन जोड ठेवून एक उन्हात. सिमेंटच्या प्लास्टिक पोत्यांचा उपयोग नाही.

आठवड्यातून एक कोरडा दिवस: रांजण, टाकी, डोण सगळे रिकामे करून, घासून, तासभर उन्हात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. शुक्रवार ठरवला, कारण त्या दिवशी फाट्यावर वर्दळ कमी.

२० मे

ढगाळ, दमट. रांजणातले पाणी २९ अंशांच्या खाली येत नाही. रांजणाचा दोष नाही, हवेत ओल आहे. लोक कुरकुरतात, इलाज नाही.

२६ मे. पाऊस

काल मोसमी पाऊस राज्यात दाखल झाला, केरळात तो परवाच पोहोचला होता. बारामती, फलटण आणि माणच्या पट्ट्यात कालच्या दिवशी पावसाने झोडपून काढले. मृगाची वाट पाहिली नाही. विहिरीत शेतातले गढूळ पाणी उतरले, म्हणून पाणीवाटप ताबडतोब बंद केले. असे पाणी ५ ग्रॅमने शुद्ध होत नाही. मांडवाची दक्षिणेची बाजू कोसळली. बांबू जमिनीत फूटभरच गाडले होते, दोन फूट हवेत.

३१ मे. खर्च आणि आवरासावर

टाकी ६,८००. पाइप व जोडणी ११,५००. रांजण आठ, त्यांतले तीन वाया, ७,२००. तोट्या १,६८०. ओटा, कुंडी, शोषखड्डा मजुरीसह १४,२००. मांडव ७,५००. वाळ्याच्या तट्ट्या १,८००. विहिरीची जाळी ५,२००. तपासण्या, टीसीएल, ओटी, काटा १,९५०. मावशींची मजुरी १९,९५०. गूळ, पोती, किरकोळ २,४००. एकूण ८०,१८०. यातला बांधकामाचा भाग पुन्हा लागणार नाही. पुढल्या वर्षी मजुरी, एक-दोन रांजण, औषधे, तट्ट्या मिळून २७,००० च्या आसपास. घरातल्या चार कुटुंबांनी दरमहा ६०० प्रमाणे दोघांच्या संयुक्त खात्यात टाकायचे ठरले. एकरकमी देणगीपेक्षा हे बरे, कारण मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते.

रांजण आतून-बाहेरून घासून तीन दिवस उन्हात वाळवले, तोट्या आणि वॉशर काढून पिशवीत, रांजण पालथे कोरड्या वाळूवर. ओलसर ठेवले तर आत बुरशी. टाकी रिकामी, झाकण बांधून. उरलेले टीसीएल ग्रामपंचायतीला दिले, पुढच्या वर्षापर्यंत त्यात दम राहणार नाही. ओट्याच्या दर्शनी दगडावर पाथरवटाकडून नाव कोरून घेतले, चार शब्द, दोन ओळी. कुंभाराला तीन रांजणांची आगाऊ रक्कम दिवाळीनंतर द्यायची, छिद्र २५ मिलिमीटर, तळापासून दोन इंच.